शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक



मे महिना संपत आला की मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात आपल्या बोलण्याचा विषय ठरलेला असतो. कुणाच्या नातवाला नर्सरीत प्रवेश मिळाला, कुणाच्या लेकीला ज्युनिअर केजीत घेतले नाही, कुठल्या शाळेची फी किती वाढली. आपल्या अंबडमध्ये पुष्कळ घरांत आईबाबा दोघेही कामावर जातात. एकाची पहिली पाळी असते, दुसऱ्याची जनरल. मूल अडीच वर्षांचे झाले की त्याला दिवसभर कुठे ठेवायचे हा प्रश्न घरात येतो. मग जवळची नर्सरी, नाही तर अंगणवाडी, नाही तर गावाहून बोलावून घेतलेली आजी.

अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो. तो आला कुठून हे मात्र आमच्यापैकी कुणालाही धड सांगता आले नाही. या अंकात लहान मुलांच्या मनाविषयी आणि त्यांच्या वाढीच्या अभ्यासाविषयी काही द्यावे असे ठरले होते. शोधता शोधता आम्ही एका बाईंच्या आयुष्यापाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण त्यांच्या कामाचा धागा एका कॅथलिक डॉक्टर बाईंपर्यंत पोहोचतो, आणि दुसरे टोक आपल्या नाशिकच्या शेजारच्याच डोंगराळ मुलखात आहे. म्हणून त्यांची ओळख करून देत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्या काळी बहुतेक घरांत मुलीचे शिक्षण म्हणजे वाचता-लिहिता येण्यापुरते असे. या घरात मात्र मुलीने शिकावे यात वावगे काही वाटत नव्हते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात राहायला गेल्या. मुलगी झाली, तिचे नाव प्रभा. संसार मात्र टिकला नाही. १९२१ मध्ये पतीपत्नी वेगळे झाले. त्यावेळी ताराबाई २९ वर्षांच्या होत्या आणि पदरात तान्ही मुलगी होती.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, हातात लहान मूल, आणि स्वतःच्या कमाईवर उभे राहायचे, याचा अर्थ काय होत असेल याची कल्पना आपल्या धर्मग्रामातील काही भगिनींना आमच्यापेक्षा जास्त असेल.

ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटला स्त्रीशिक्षिका तयार करणारे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होते. तिथे त्या प्रमुख झाल्या. त्या जागेवर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत्या. मानाची जागा, बरा पगार. एकट्या बाईने यापुढे आयुष्यभर तिथेच राहायचे ठरवले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण शेजारच्या भावनगरला एक माणूस लहान मुलांबरोबर काही वेगळेच करतो आहे, असे त्यांच्या वाचनात आले. त्या माणसाचे नाव गिजुभाई बधेका.

गिजुभाई मुळात वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात असताना त्यांना मॉन्टेसरीबाईंचे पुस्तक वाचायला मिळाले आणि वकिली सुटलीच. १९२० साली त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती या संस्थेत बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांच्या या गृहस्थांना लोक मूछाळी मा, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. १९२३ च्या सुमारास ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गेल्या. प्रमुखपद सोडून दुसऱ्याच्या हाताखाली शिकायला जाणे, तेही मुलांच्या घसरगुंडीजवळ बसून, हे त्यांच्या ओळखीच्या लोकांना चमत्कारिक वाटले असणार.

इथे थोडे थांबून मॉन्टेसरीबाईंविषयी सांगायला हवे, कारण त्यांच्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. आपल्याकडे मॉन्टेसरी म्हणजे शाळेच्या पाटीवरचे एक नाव झाले आहे. ते एका बाईचे आडनाव आहे हेही अनेकांना माहीत नसते.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतला. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. तेव्हा इटलीत स्त्री डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुरुवातीला त्यांच्याकडे जी मुले आली ती मतिमंद म्हणून बाजूला टाकलेली. अशी मुले त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांत मोठ्या माणसांबरोबर कोंडलेली असत. मॉन्टेसरीबाईंच्या लक्षात आले की या मुलांच्या हातांना काही करायलाच मिळत नाही. त्यांनी हाताने करायची साधने दिली, शिकवले, आणि त्यांतली काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी बाईंचे कौतुक केले. बाई मात्र वेगळ्याच काळजीत पडल्या. ही मुले जर इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना शाळा इतकी मागे का ठेवते, हा त्यांचा प्रश्न होता.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. कामगारांची वस्ती. आईबाप दिवसभर कामाला आणि मुले जिन्यात, बोळात हुंदडायची. हे वाचताना आम्हाला अंबडच्याच चाळी आठवल्या. तिथे एकदा सुमारे तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत छोटी नळकांडी बसवत होती. बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. बाईंनी मोजायला सुरुवात केली. भोवती बाकीच्या मुलांना गाणे म्हणायला लावले, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. ती ढळली नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते काम केले आणि मग आपणहून थांबली. दमलेली नव्हती, उलट ताजीतवानी दिसत होती.

ही गोष्ट लहान आहे, पण लहान मुलांच्या मानसशास्त्रात ती महत्त्वाची ठरली. तोवर समज असा होता की लहान मुलाचे लक्ष टिकत नाही, म्हणून त्याला धाक किंवा लालूच हवी. इथे धाक नव्हता, खाऊही नव्हता. काम वयाला साजेसे होते आणि ते मुलीने स्वतः निवडले होते, एवढेच. वाढत्या वयात ठरावीक गोष्टी शिकण्याची ओढ ठरावीक काळात जोरात असते. ती वेळ निघून गेली की तीच गोष्ट पुढे कष्टाने शिकावी लागते, असे निरीक्षण बाईंनी मांडले. त्यांच्या सगळ्याच गोष्टी पुढच्या संशोधकांनी जशाच्या तशा मान्य केल्या असे नाही. पण मुलाला आधी पाहा, मग शिकवा, हा त्यांचा क्रम टिकला.

मॉन्टेसरीबाई कॅथलिक होत्या. बार्सिलोनात त्यांच्या पद्धतीने मुलांसाठी एक छोटे प्रार्थनालय तयार केले गेले. बाके, आसने, सगळे मुलांच्या मापाचे. मुलांनी गहू पेरला आणि द्राक्षवेली लावल्या, वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस कशापासून होतो हे हातांना कळावे म्हणून. नाशिकला द्राक्षांची आणि गव्हाची वाण नाही. आपल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातील किती मुलांनी हा संबंध हाताने जोडला असेल, असे आमच्या मनात आले.

भावनगरकडे परत येऊ.

ताराबाई तिथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. बालमंदिरात छडी नव्हती, बक्षीस नव्हते, पहिला-दुसरा नंबर नव्हता. गाणी, गोष्टी, नाटुकली, माती, पाणी, बाग हे होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी मिळून शिक्षणपत्रिका चालवली. आधी गुजराती, आणि १९३३ पासून ताराबाईंनी मराठीतून. मराठी आईबापांना मुलांचा हट्ट, मुलांचे खोटे बोलणे, जेवताना होणारी रडारड, अंथरूण ओले करणे अशा गोष्टींकडे शिक्षेचा विषय म्हणून न पाहता समजून घेण्याचा विषय म्हणून पाहायला शिकवणे, हे त्या काळी नवे होते. आपल्याकडे मूल म्हणजे मातीचा गोळा, आपण देऊ तो आकार घेणार, अशी समजूत. ताराबाईंचे म्हणणे याच्या उलट होते. मूल स्वतःची वाढ स्वतः करत असते. मोठ्यांनी वाटेतून बाजूला व्हायचे आणि हवे ते हाताशी ठेवायचे.

त्यांनी हे नुसते पुस्तकातून घेतले नव्हते. वर्षानुवर्षे मुलांजवळ बसून पाहिले होते. आज विद्यापीठांतून बालविकासाचे संशोधन होते, चाचण्या होतात, तक्ते निघतात. त्या वेळी आपल्या देशात हे काम करणाऱ्या माणसांच्या हातात वही आणि डोळे एवढेच होते. तरी तो अभ्यासच होता, असे आम्हाला वाटते.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. मुलांच्या वर्गांबरोबर शिक्षिका तयार करण्याचे कामही तिथे चालले, कारण बालशिक्षणाला प्रशिक्षण लागते हे लोकांना पटवणेच अवघड होते. लहान मुलांना सांभाळायला काय येते, कुणीही सांभाळेल, असा समज तेव्हा होता. आजही आहे. नाही तर बालवाडीच्या शिक्षिकेचा पगार एवढा कमी का असावा? १९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉन्टेसरीबाई स्वतः भारतात आल्या, आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबून कित्येक वर्षांचा झाला. मद्रासजवळ अड्यारला आणि इतरत्र त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना शिकवले. शहरांतून मॉन्टेसरी शाळांची हवा झाली.

एव्हाना ताराबाईंचे नाव झाले होते. दादरची शाळा चांगली चालली होती. आणि नेमके इथेच त्यांना काही तरी बोचू लागले.

मॉन्टेसरीची साधने महाग. लाकडी नळकांडी, रंगीत पट्ट्या, मनोरे, सगळे ठरावीक मापाचे. ज्या पद्धतीचा जन्म गरीब वस्तीत झाला ती आपल्या देशात येता येता सुखवस्तू घरांची झाली. गांधीजींचे मॉन्टेसरीबाईंशी स्नेहाचे संबंध होते, १९३१ मध्ये ते लंडनला त्यांना भेटलेही होते. पण खेड्यापाड्यातील कोट्यवधी मुलांपर्यंत हे कसे न्यायचे, हा प्रश्न उरलाच होता. ताराबाईंनी तो स्वतःच्या अंगावर घेतला. १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या दादर सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

ते वर्षही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९४५ मध्येच उंबरगाव आणि डहाणू भागातील वारली आदिवासी गोदावरी परुळेकर यांच्या सोबतीने वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. सावकाराकडून लग्नासाठी कर्ज घेतले की नवराबायको वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. अशा घरांतील मुलांसाठी बालशिक्षण काढायला निघालेली ही पांढरपेशी बाई. अनेकांना तो खुळेपणाच वाटला असेल.

याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई ३५ वर्षांच्या. लहान वयात लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी असे त्यांचे आयुष्य. नोकरीची सुरुवातीची काही वर्षे त्यांनी आपल्याच नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे काढली होती, नंतर पुण्यात हुजूरपागेत. ताराबाईंना गावी येऊन राहणारी सहकारी हवी होती. अनुताई गेल्या त्या कायमच्याच. एक घटस्फोटित, एक बालविधवा. त्या काळच्या समाजाने दोघींनाही मंगल कार्यात मागे बसवले असते.

बोर्डीत केंद्राची बालवाडी सुरू झाली. गावातील बऱ्या घरची मुले आली. ज्यांच्यासाठी एवढे केले ती वाडीपाड्यावरची मुले मात्र येईनात. कारणे शोधली तेव्हा ती साधीच निघाली. घालायला कपडे नाहीत. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचे आहे. शेळ्या राखायच्या आहेत. आणि गावातील मुलांच्या पंगतीत आपल्याला बसू देतील का, ही भीती. आईबापांना त्याहून मोठी भीती, ही माणसे पोराला पळवून तर नेणार नाहीत ना?

अशा वेळी आपण काय करतो? हे लोकच तसे, त्यांना शिकायचे नाही, असे म्हणून मोकळे होतो. सर्वेक्षणाच्या कागदावर तसे लिहितोही. ताराबाईंनी वेगळा निष्कर्ष काढला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेची जागा चुकली आहे. मग शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढचे सारवलेले अंगण, हीच शाळा. आधी मुले पळून जात, दाराआडून पाहत. शिक्षिका गाणे म्हणत बसत. हळूहळू मुले जवळ येत. मग हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे, आणि मग खेळ. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. नाव तिथले, कल्पना तिथली.

साधनेही तिथलीच. नळकांडी आणायला पैसे नव्हते, पण किनाऱ्यावर शिंपले होते. लहानमोठे शिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने, बांबूचे तुकडे, चिकणमाती. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत, कमी-जास्त हे सगळे त्यांतून शिकता येते. मुलाच्या बोटांना महाग लाकूड आणि फुकटचा शिंपला यांतला फरक कळत नाही. मॉन्टेसरीच्या काही कट्टर अनुयायांना हे रुचण्यासारखे नव्हते. आम्हाला मात्र वाटते की रोमच्या त्या वस्तीतील मूळ प्रयोगाच्या अधिक जवळ दादरपेक्षा बोर्डीच होती.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले जिथे गुरे चारतात त्या कुरणातच जाऊन शिकवायचे. गुरांवर एक डोळा, शिक्षिकेवर एक डोळा. हे वाचून आम्हाला हसू आले आणि नंतर ओशाळल्यासारखे झाले.

ओशाळायचे कारण सांगून टाकतो. आमच्यापैकी काही जण बरीच वर्षे लहान मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत आलो आहोत. एक काळ असा होता की हाताची घडी, तोंडावर बोट ही आमची पहिली प्रार्थना. पाचसहा वर्षांचा एक मुलगा सतत चुळबुळ करायचा. कधी बाकाखाली जायचा, कधी पुस्तकाच्या कडा कुरतडायचा. त्याला आम्ही दाराजवळ वेगळे बसवले. बाकीची मुले त्याच्याकडे पाहून हसत. तो दोन महिने आला आणि मग यायचा बंद झाला. आम्ही वहीत गैरहजर लिहीत गेलो. त्याच्या घरी जावे असे आमच्या मनातही आले नाही. त्याला अभ्यास झेपत नव्हता, की डोळ्यांना नीट दिसत नव्हते, की घरी काही घडत होते, हे आम्हाला कधीच कळले नाही. पुढे ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेले. आज तो मुलगा कुठेतरी कामाला लागला असेल. ताराबाईंच्या हिशेबाने चूक वर्गाची होती, मुलाची नव्हती.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे आमच्या हाती नाही, आणि त्यांचा जीवही त्यात फार रमला असेल असे वाटत नाही.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे भोवताली सगळी वारल्यांची वस्ती. या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी शिक्षणाचे काम आधीपासून होते. ही तीच सोसायटी, जिचे एचपीटी कॉलेज आपल्या नाशिकला आहे. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. ज्या वयात आपण नातवंडांना सोडायला शाळेच्या फाटकापर्यंत जातो आणि गुडघे दुखतात म्हणतो, त्या वयात त्यांनी नवे बिऱ्हाड थाटले.

कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. त्यातील विचार समजून घेण्यासारखा आहे. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण धाकट्याला सांभाळायचे असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवायची. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येईल, त्याला पाळणाघरात ठेवील, मधल्याला बालवाडीत सोडील आणि स्वतः वर्गात बसेल. तिचे लक्षही लागेल, कारण भाऊ हाकेच्या अंतरावर आहे. लहान वर्गातून मोठ्या वर्गात जाताना मूल बुजणार नाही, कारण जागा ओळखीची आहे. एकेका मुलाला न पाहता सगळ्या घराला एकत्र पाहिले म्हणून हे सुचले. आज तज्ज्ञ मंडळी मुलाची वाढ त्याच्या भोवतालापासून तोडून पाहता येत नाही असे सांगतात, तेव्हा आम्हाला ही कडेवरच्या भावासकट शाळेत आलेली मुलगी आठवते.

शिकवायचे तेही तिथल्या जगातले. मुलांची बोली वारली. पुस्तकातील मराठी त्यांना परकी. म्हणून सुरुवात त्यांच्या बोलीतून, त्यांच्या गाण्यांतून, झाडांपाखरांच्या नावांतून. आपल्या घरातही असाच प्रश्न आहे. घरी मराठी, कुणाकडे कोकणी, कुणाकडे तमिळ किंवा हिंदी, आणि तीन वर्षांच्या मुलाशी नर्सरीत पहिल्या दिवसापासून इंग्रजी. मूल गप्प बसते. त्या गप्प बसण्याला आपण हुशारी नाही असे नाव देतो.

१९६२ मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मॉन्टेसरीबाईंचा जन्मदिवसही ३१ ऑगस्टच.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. आज काश्मीरपासून केरळपर्यंत हा मराठी शब्द चालतो. नाव पोहोचले तसे सगळे पोहोचले असे मात्र म्हणवत नाही. पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी म्हणजे वजनकाटा, खिचडी आणि रजिस्टर. ताईंवर कामांचा एवढा भार की मुलांबरोबर बसून गाणे म्हणायला वेळ कुठला? दोष त्यांचा नाही. आपल्या वस्तीतील अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्या सांगतील.

काही गोष्टी मात्र कायद्यात आणि धोरणात आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींवर बंदी घातली. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यासही मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानली. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे त्याच धोरणात नमूद आहे. म्हणजे ज्या वयाला आपण नुसते खेळण्याचे वय म्हणतो ते, आणि खेळातूनच. लेखी सराव, गृहपाठ आणि चिमुकल्या बोटांत घट्ट धरलेली पेन्सिल यांची घाई त्या वयात उपयोगी नसते, हे ताराबाई आणि गिजुभाई शंभर वर्षांपूर्वी सांगत होते. तेव्हा त्यांच्याकडे मेंदूची छायाचित्रे नव्हती.

ताराबाईंमागे कोसबाडचे काम अनुताईंनी सांभाळले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या. बोर्डीपासून मोजले तर ४७ वर्षे त्यांनी तिकडे काढली. त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिलेले 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक मराठीत आहे. सार्वजनिक वाचनालयात मिळाले तर जरूर घ्यावे. ज्यांना आदिवासी भागात सेवा करणाऱ्या सिस्टरांची माहिती आहे त्यांना त्यातील पुष्कळ प्रसंग ओळखीचे वाटतील. पावसात ओढा ओलांडणे, तापाने फणफणलेले मूल, दवाखाना दूर, आणि पाड्यावरचा पहिला अविश्वास.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असे घाट उतरत गेले की डहाणू तालुका येतो. म्हटले तर दिवसाचा प्रवास, जाऊन येऊन. वाटेत आपल्याकडच्या त्र्यंबक-पेठ भागासारखेच पाडे, कुडाच्या भिंती, भातखाचरे आणि रस्त्याने चाललेली पोरे दिसतात. एखाद्या अंगणात सकाळच्या वेळी बालवाडी भरलेली असते. बाहेर छोट्या चपलांची रांग असते आणि आत कुणीतरी मोठ्याने गाणे म्हणत असते.